करिबाच्या काठावर

खुर्ची तंबूच्या दाराशी ओढा आणि बसा. करिबा तलावावरचा, झिम्बाब्वेतल्या मातुसादोना राष्ट्रीय उद्यानाचा हा काठ. मुक्काम साधाच: कॅनव्हासचा तंबू, कंदील, अंघोळीला फांदीवर टांगलेली गरम पाण्याची बादली. कुंपण नाही. अंधार पडल्यावर वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. म्हणजे थोड्याच वेळात तुम्हाला कुठेही जाता येणार नाही. बरंच झालं.

आधी नुसतं ऐका. पाण्यातून एक फुस्कारा येईल. पाणघोडा वर आलाय. तो बुडाला की नाकपुड्या मिटून घेतो आणि पाचेक मिनिटं खालीच राहू शकतो. पुढच्या फुस्काऱ्याची वाट पाहा, मोजू नका. वाट पाहता पाहता तुमचाही श्वास लांबत जाईल. मुद्दाम लांबवायला जाल तर बिघडेल. (प्राणायामाच्या वर्गाला फी भरून जे साधत नाही, ते हा दीड टनाचा प्राणी फुकटात करून घेतो.) रात्री तो चरायला काठावर येईल, कदाचित तुमच्या तंबूजवळूनही जाईल. येऊ दे. गवत त्याचं आहे.

आता पाण्याकडे पाहा. त्यात वाळकी झाडं उभी आहेत, मोपानेची. साठ वर्षांहून अधिक काळ मेलेली, तरी उभी. फांद्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेत. फोटोचा मोह होईल, जरा थांबा. ही झाडं पाण्यात उगवलेली नाहीत. पाणी त्यांच्यावर चढत आलं.

झांबेझीवरच्या करिबा धरणानं १९५८ च्या डिसेंबरात नदी अडवली. तलाव भरायला १९६३ उजाडलं. बुडत्या टेकड्यांवर अडकलेल्या हजारो प्राण्यांना होड्यांतून सोडवून आणलं. त्यांतले पुष्कळ याच काठावर सोडले. त्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन नोआ’, जगभर गाजलं. खोऱ्यातून सुमारे ५७,००० टोंगा माणसंही हलवली गेली. त्या हलवण्याला इतकं देखणं नाव कुणी दिलं नाही.

यावर लगेच मत बनवू नका. झाडांकडे पाहत राहा, एकेका खोडाकडे. त्याच्या सावलीत कोणी बसलं असेल, शेळी बांधली असेल. पाहणं सुंदर वाटत असेल तर वाटू द्या. ते सौंदर्य खोटं नाही. फक्त खालची जमीन त्यातून वगळू नका.

टोंगा लोक सांगतात, नदीत न्यामिन्यामी राहतो. सापाचं अंग, माशाचं तोंड. धरणाच्या भिंतीनं त्याची आणि त्याच्या बायकोची ताटातूट केली, म्हणून तो जमीन हलवतो. तलाव भरला त्याच वर्षी इथे मोठे भूकंप झाले. अभियंते पाण्याच्या भाराकडे बोट दाखवतात. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट ज्यांच्या घरात अजून सांगितली जाते, त्यांना दोन्ही स्पष्टीकरणं एकदम कळतील. कोयना धरणाच्या शिवसागराखालीही कोणाची तरी शेतं आहेतच.

दूर पाण्यावर दिव्यांची ओळ लागेल. कापेंटाच्या होड्या. उजेडाकडे येणारी ही बोटभर मासळी टांगानिका सरोवरातून आणून इथे सोडलेली. वाळवली की आपल्या सुक्या मांदेलीसारखीच दिसते. दिवे पाहा, एकाकडून दुसऱ्याकडे सावकाश. प्रत्येक दिव्याखाली रात्रपाळीची माणसं आहेत. तुमच्या विश्रांतीच्या वेळी त्यांचं काम सुरू होतं.

थोड्या वेळानं वाटाड्या टॉर्च घेऊन जेवायला बोलवायला येईल. ताटात साद्झा असेल, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि बरोबर ही मासळी. हातानं खा, सावकाश. सिंह कुठे दिसतील ते सकाळी विचारता येईल. आज वाटाड्याला त्याचं गाव विचारा. तो टोंगा असेल, नसेलही. बोलायला लागला तर मधे बोलू नका.