जड झालेली केबल

काही वर्षांपूर्वी विमानाच्या देखभालीविषयीचा एक मजकूर मराठीत आणताना मी एका साध्या शब्दावर अडले. इंजिनाकडे जाणारी केबल ‘स्टिफ’ झाली, याला काय म्हणावे? ‘ताठ’ चालेना, ‘कडक’ही नाही. शेवटी स्कूटरच्या गॅरेजमधला शब्द कामी आला: जड. क्लच जड झालाय, असे आपण म्हणतोच. केबलही त्याच जातीची, आवरणाच्या आत सरकणारी तार.

तो मजकूर घरी बांधलेल्या विमानांविषयी होता. अमेरिकेत ही रीतसर परंपरा आहे; अशा हौशी लोकांची संघटना १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये स्थापन झाली. विमान बांधणाऱ्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. विमान विकले तरी हा अधिकार विकत घेणाऱ्याकडे जात नाही. ज्याने बांधले त्याला ते कळते, हे यामागचे गृहीतक. मला प्रश्न पडला तो इथेच. ज्याने बांधले त्याच्याच लक्षात येत नाही, असेही काही असते का?

थ्रॉटलची केबल सहसा एका दिवसात जड होत नाही. कुठे वळण फार आखूड घेतलेले असते, कुठे क्लॅम्प गरजेपेक्षा जास्त आवळलेला. कुठे एक्झॉस्टच्या धगीने आतले अस्तर बिघडत जाते, कुठे टोकाशी तार तिरकी ओढली जाते. रोज किंचित जास्त जोर लागतो आणि हात तो न सांगता देतो. महिनाभराने मालकाला विचारा, तो म्हणेल, पहिल्यापासून अशीच आहे.

लक्षात आलेच, तर पहिला मोह तेल सोडण्याचा. पण प्लास्टिकचे अस्तर असलेल्या केबलमध्ये तेलाला धूळ चिकटते, आणि वळण आखूडच राहते. चार दिवस बरे वाटते, एवढेच. खरी रीत अशी: केबल कार्ब्युरेटरच्या दांडीपासून सोडवायची आणि दांडी बोटाने हलवून पाहायची. ती सहज हलली, तर दोष केबलकडे. मग एकेक क्लॅम्प सैल करायचा आणि दर वेळी नॉब ओढून पाहायचा. जो सैल केल्यावर हात हलका होतो, तिथे कारण सापडते. दुरुस्तीनंतर केबल जोडली की दांडी दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण जाते ना, नटाची पिन जागेवर आहे ना, हेही पाहायचे.

अशा अनेक विमानांत रोटॅक्स ९१२ हे इंजिन असते. त्याच्या दोन्ही कार्ब्युरेटरांवर स्प्रिंग असते. केबल तुटली तर ती थ्रॉटल पूर्ण उघडते, म्हणजे इंजिन मंदावत नाही. तुटण्याचा विचार यंत्र बनवणाऱ्याने आधीच करून ठेवला आहे. जडपणासाठी मात्र अशी सोय नाही. जड केबल त्या स्प्रिंगलाही अडवते. एक कार्ब्युरेटर मागे राहतो आणि इंजिन थरथरते. तोवर भरवसा फक्त हातावर, आणि हात तर सरावलेला.

या विमानांत प्रवाशासाठी एक पाटी लावावी लागते: हे विमान हौशी माणसाने बांधले आहे, प्रमाणित विमानांचे सुरक्षानियम ते पाळत नाही. ती वाचूनही शेजारी बसणारा मित्र पाटीवर नव्हे, तर मालकावर विश्वास ठेवतो. मग मालकाने स्वतःच्या हातावर किती विश्वास ठेवावा?

मला वाटते, दोष शोधण्यापुरता पूर्ण. दोष नाहीच, असे ठरवण्यापुरता मात्र नाही. कुठली तार कुठून गेली हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पण जडपणा ओळखायला न सरावलेला हात लागतो. त्या संघटनेचे काही अनुभवी सदस्य इतरांचे काम पाहायला स्वेच्छेने जातात, ते उगाच नाही. माझेही तसेच होते. आपला मसुदा वीस वेळा वाचला की अडखळणारी वाक्ये मला सुरळीत वाटू लागतात; दुसऱ्याने मोठ्याने वाचले की ती लगेच कळतात. फरक इतकाच, की माझ्या वाक्याने कोणी आकाशातून पडत नाही.

म्हणून नॉब दुसऱ्याच्या हाती देऊन “जड लागतंय का?” असे विचारणे पुरेसे नाही. रविवारची सकाळ आहे, आभाळ स्वच्छ आहे, मित्र जाकीट घालून तयार उभा आहे, आणि तो दुसरा “हो” म्हणतो. त्या वेळी इंजिनाचे झाकण उघडून मित्राला घरी पाठवता आले, तरच तो प्रश्न मनापासून विचारला होता असे म्हणता येईल.