अर्ध्यावर थांबलेले छत

एखादी वस्तू माझी आहे असे मी म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्यात नेमके काय अभिप्रेत असते? विकत घेतल्याची पावती आणि सरकारदरबारची नोंद यांनी कायद्याचे समाधान होते. मनाचेही बहुधा होते. कारण वस्तू बिनबोभाट चालत असते तोवर हा प्रश्न उपस्थितच होत नाही. माझ्यापुरता तो काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात, कणकुंबीला माउलीच्या देवळासमोर, भर पावसात उपस्थित झाला.

माझ्याजवळ परदेशी बनावटीची, दोनच माणसे बसतील अशी एक मोटार आहे. कळ दाबली की तिचे धातूचे छत आपोआप उचलले जाते, दुमडते आणि मागच्या डिकीत जाऊन बसते. ती मी जुनी घेतली, आणि खरे सांगायचे तर ऐपतीपेक्षा थोडे अधिक मोल देऊन घेतली. चार महिने जेथे आभाळ फाटल्यासारखे कोसळते त्या बेळगाव-खानापूरच्या मुलुखात राहून उघड्या छताची मोटार बाळगावी, याला कोणी शहाणपण म्हणणार नाही. हौसेला मोल नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल.

तथापि ही हौस अगदीच पोरकट आहे असे मला वाटत नाही. माणसाला छप्पर हवे असते आणि आभाळही हवे असते. आपल्या जुन्या घरांतली ओसरी ही याच दुहेरी इच्छेची तडजोड होय. मोटारीच्या कारखानदारांनी तडजोड न करता दोन्ही एकदमच द्यायचे ठरवले. धातूचे छत दुमडून डिकीत घालण्याची युक्ती ज्याच्या नावावर आहे तो जॉर्ज पोलँ हा फ्रेंच गृहस्थ पेशाने दंतवैद्य होता. (पुढे महायुद्धात त्याने नाझींविरुद्ध गुप्तपणे काम केले आणि १९४२ साली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ज्याच्या नावाने आपण चैनीची वस्तू ओळखावी, त्याचे मरण असे असावे!) त्याचे छत १९३४च्या सुमारास प्यूजो मोटारींवर आले. मौज अशी की, प्रथम विजेवर फिरणारे हे छत थोड्याच वर्षांत हाताने फिरवायचे करण्यात आले. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९५७ साली तोच प्रयोग भव्य प्रमाणावर केला. त्या एका छतासाठी सुमारे सहाशे फूट तार गाडीतून खेळवली होती. १९५९ साली ते प्रकरण आटोपले. आपल्या शेजारी गोव्यात १९९८च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची एक छोटी उघडी मोटार बनू लागली होती. फायबरची काया, फ्रेंच इंजिन, आणि छतासाठी मालकाचेच दोन हात. तिचे फारसे कौतुक झाले नाही.

आता तो प्रसंग. बहात्तर वर्षांच्या माझ्या मावशीला माउलीच्या दर्शनाला न्यायचे कबूल केले होते. जांबोटी सोडल्यावर रानात ऊन पडले, तेव्हा तीच म्हणाली, “उघडून दाखव बघू तुझं ते छप्पर.” मी उघडले. डोक्यावरून झाडे सरकत होती, आणि लहान मुलासारखी मान वर करून ती कणकुंबी येईपर्यंत आभाळ पाहत होती. हा आनंद खरा होता. पुढे जे झाले त्यामुळे तो खोटा ठरत नाही.

दर्शन घेऊन मावशी गाडीत बसली, मी किल्ली फिरवली, तोच चोर्ल्याच्या बाजूने काळोख चढून आला. त्या कड्यावरचा पाऊस आपल्या येण्याची वर्दी देत नाही. मी कळ दाबली. छत उचलले गेले, अर्ध्यावर आले आणि तेथेच थांबले. मागे डिकीचे झाकण आ वासून उभे. पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. पंप क्षणभर घुरघुरे आणि गप्प होई.

माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. तेथून जवळच निघणारा कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरून गोव्यात म्हादईला मिळतो. म्हणजे या गावावर पडणारे थेंब दोन समुद्रांत वाटले जातात. या पाण्यापायी राज्याराज्यांत तंटा झाला, २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ साली निवाडाही झाला. माझ्या बैठकांवर पडणारे पाणी मात्र कोणीच मागत नव्हते.

मी काय करीत होतो ते सांगायलाच हवे, कारण या लेखाचे कारण तेच आहे. मी अंगातला कोट काढून बैठकीच्या कातड्यावर पसरला, रुमालाने समोरच्या कळा पुसल्या, मग मागे जाऊन डिकीत पाणी कोठे शिरते ते पाहिले. एवढ्यात शेजारच्या दुकानातून एक गृहस्थ खोळ पांघरून धावत आले. “ताडपत्री घालतो की ओ साहेब, दोरी बी हाय.” आणि मी उत्तर दिले, “दोरी नको, रंगाला ओरखडे पडतील.”

ते काही बोलले नाहीत. त्यांनी अंगावरची खोळ काढली, मावशीच्या डोक्यावर घातली आणि तिला हाताला धरून दुकानात नेले. तोवर ती पावसात बसून होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

पुढे बेळगावच्या मिस्त्रीने उलगडा केला. छताच्या वाटेत जागोजागी लहान लहान स्विच असतात. प्रत्येकाने ‘मी जागेवर आहे’ अशी खूण दिल्याखेरीज यंत्र पुढचे पाऊल टाकत नाही. त्यांतला एक मुका झाला होता. यंत्र हट्टी नव्हते. खात्री नसताना पुढे जायचे नाही हा नियम ते पाळत होते. मिस्त्रीने आणखी एक गोष्ट दाखवली. पंपाच्या अंगाला एक स्क्रू होता. तो सैल केला की तेलाचा दाब उतरतो आणि दोन माणसांना छत हातांनी ओढून बंद करता येते. ही सारी हकीकत गाडीच्या पुस्तकात होती, आणि पुस्तक समोरच्या खणात होते. मी ते कधी उघडले नव्हते.

येथे कोणी म्हणेल की दोष अज्ञानाचा. वस्तूचे अंतरंग ज्याला कळत नाही तो तिचा मालकच नव्हे. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाने मोटारसायकलच्या देखभालीवर १९७४ साली जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्याचा रोख काहीसा असाच आहे. पण हे मला पुरते पटत नाही. मला माझे घड्याळ उघडता येत नाही, माझ्या काळजाचे ठोके कशाने पडतात तेही मी वैद्यालाच विचारतो; म्हणून घड्याळ किंवा काळीज परके होत नाही. सगळे सगळ्यांना यावे असा हट्ट धरला तर संसारच थांबेल.

पर्सिगच्याच पुस्तकातला एक लहानसा प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. मित्राच्या महागड्या मोटारसायकलचा दांडा सैल झालेला असतो. लेखक सुचवतो की बिअरच्या डब्याची पत्र्याची पट्टी खाली घालू, घट्ट बसेल. मित्राला ते रुचत नाही. पट्टी कामाची आहे की नाही याचा तो विचारच करीत नाही. डब्याचा पत्रा त्याच्या यंत्राच्या पंक्तीला बसणे त्याला सहन होत नाही. दुकानदाराच्या दोरीविषयी माझे हेच झाले. वस्तूला मी एक पायरी दिली होती, आणि पाऊस आला तेव्हा त्या पायरीच्या खाली कोण कोण उभे आहे ते दिसले. सर्वांत खाली मावशी होती.

हे कबूल करताना मी मुद्दाम वाढवून सांगत आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. त्या पाच मिनिटांत मी दुष्ट झालो नव्हतो. कोणी विचारते तर मावशी मोठी की मोटार, याचे उत्तर मी क्षणाचाही विलंब न लावता दिले असते. परंतु कोणी विचारले नाही, आणि हात आपोआप कातड्याकडे गेले. ज्या वस्तूसाठी कळ दाबण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही, तिच्याविषयी आपल्या मनात काय साचत आले आहे हे कळायला वावच मिळत नाही. कोकणातला शेतकरी बांबूचे आणि पानांचे इरले पाठीवर घेऊन लावणी करतो. ते फाटले तर तो नवे पान खोचतो, आणि बांधावर कोणी भिजत असले तर त्याच्यावर धरतो. त्याला इरल्याचा मालक कोणी म्हणत नाही, तोही म्हणवून घेत नाही. इरले गोड आणि मोटार कडू असा माझा सिद्धान्त नाही. मी मोटार विकलेली नाही.

डिकीत आता एक ताडपत्री आणि सुतळीचे बंडल आहे. त्यातून नवीच अडचण निघाली. दुमडलेले छत डिकीतच बसायचे, म्हणून तेथे सामान असले की मधला पडदा जागेवर येत नाही, आणि तोही एक स्विच असल्यामुळे छत उघडतच नाही. ताडपत्री जवळ ठेवली तर आभाळ नाही, आभाळ हवे तर ताडपत्री घरी.

गेल्या मार्गशीर्षात मावशी पुन्हा कणकुंबीला यायला निघाली. जांबोटीपुढे रान लागले, तशी ती म्हणाली, “आज उघडणार नाहीस का रे?” मी अडचण सांगितली. तिने गाडी थांबवायला लावली, डिकीतून ताडपत्री काढायला सांगितली, आणि सुतळीसकट आपल्या मांडीवर घेऊन बसली.