बिगुल आणि तारपा

निवडणूक जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांत ‘बिगुल वाजला’ हा मथळा हमखास असतो. लोकसभा असो, जिल्हा परिषद असो की जव्हारची नगरपरिषद. बिगुल वाजतो, रणधुमाळी माजते, उमेदवार रणशिंग फुंकतात, बालेकिल्ले ढासळतात. मतदान हे माणसाने विचार करून, स्वतःच्या मनाने करायचं काम. त्यासाठी आपण सगळी भाषा छावणीची वापरतो आणि त्यात वावगं काही आहे असं फारसं कुणाला वाटत नाही. मला वाटतं, कारण बिगुल हे मुळात हुकमाचं वाद्य आहे.

लष्करी बिगुलाला ना भोकं असतात ना कळा. ओठांच्या ताणावर त्यातून जेमतेम पाच स्वर निघतात, आणि पहाटे उठवण्यापासून शहिदाच्या अखेरच्या मानवंदनेपर्यंत सगळे इशारे त्या पाचांतच बसवलेले असतात. हा तुटपुंजेपणाच त्याचं बळ. गदारोळातही अर्थ चुकू नये, ऐकणाऱ्याने विचारात पडू नये, अशी ती रचना आहे. सैन्यात ती योग्यच, आणि मानवंदनेच्या वेळी ते सूर ऐकून ज्याचा गळा दाटत नाही असा माणूस विरळा. पण ज्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्या वाद्याने नागरिकांना का बोलवावं?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात हा प्रश्न अधिक टोचतो, कारण माणसं एकत्र आणणारं फुंकून वाजवायचं वाद्य तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते म्हणजे तारपा. दुधी भोपळा जून होऊ द्यायचा, वाळवायचा, आतला गर-बिया काढून पोकळ करायचा. एका टोकाने फुंकायचं, दुसऱ्या टोकाला बांबूच्या दोन नळ्या. नळीत बांबूचीच बारीक जीभ, वर बोटांसाठी भोकं, सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजवलेले, आणि पुढे ताडाची पानं गुंडाळून केलेला लांब कर्णा. सगळं रानातलं नाहीतर परसातलं, बाजारातून आणायचं काही नाही. वाजवणारा गालांत हवा साठवतो आणि ती भोपळ्यात सोडत असतानाच नाकाने पुढचा श्वास घेतो. त्यामुळे सूर तुटत नाही आणि नाच रात्रभर चालू शकतो.

तारपकरी मधे असतो. भोवती कमरेत हात गुंफलेल्या बायका-पुरुषांची साखळी फिरते, तिच्या टोकाला घोळकाठी आपटत ठेका धरणारा. तारप्याकडे कुणी पाठ करत नाही. तारपकऱ्याने चाल बदलली की पावलं बदलतात. म्हणजे हुकूम इथेही आलाच, असं कुणी म्हणेल. आला, पण हा हुकूम देणारा त्याच पाड्यावरचा असतो, सगळ्यांबरोबर पावलं टाकतो, सगळ्यांबरोबर दमतो. साखळीत शिरायला वय आड येत नाही आणि थकला तो बाहेर पडला तर त्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. बिगुलाने जमवलेली माणसं रांगेत उभी राहतात, तारप्याने जमवलेली एकमेकांना धरून असतात. मला या दोन जमावांतला फरक फार महत्त्वाचा वाटतो.

वरून आलेल्या हाकेचा इथल्या वारली समाजाचा अनुभव कडू आहे. वेठबिगारीविरुद्धचा लढा भरात असताना, 10 ऑक्टोबर 1945 रोजी, तलवाड्याला लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांची सभा आहे असा खोटा निरोप जमीनदारांच्या माणसांनी पसरवला. हजारो माणसं गोळा झाली आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगड आणि त्याच्या सोबत्यांचे बळी गेले. हाकेवर विश्वास ठेवून ही माणसं आली होती.

अलीकडची गोष्ट वेगळी, पण तिचंही नातं वाद्याशी आणि मतदानाशीच आहे. 2024 च्या लोकसभेत एका पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होतं आणि काही अपक्षांना जे चिन्ह मिळालं त्याचं नावही यादीत ‘तुतारी’च होतं, चित्र मात्र पिपाणीसारखं. जव्हार-मोखाड्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात, दिंडोरीच्या राखीव मतदारसंघात, अशा चिन्हाच्या एका अपक्षाला एक लाखाहून अधिक मतं पडली. त्याचं आडनाव विजयी उमेदवाराशी जुळत होतं, हेही खरं. साताऱ्यात तर पिपाणीची मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त भरली. तेव्हा मतदाराच्या अडाणीपणावर बोट ठेवणारे पुष्कळ निघाले. तुतारी आणि पिपाणी कानाने कुणीही ओळखेल. यंत्रावरच्या इवल्याशा चित्रात ती ओळखा, असा हट्ट धरायचा आणि चूक झाली की मतदाराला हसायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

तारप्याचंही आपण चित्रच केलं आहे. जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि मधे तारपकरी व भोवती वळसे घेणारी माणसं ही आकृती घराघरांत पोचली. आता ती साडीवर, कपांवर, सरकारी भिंतींवर दिसते. पाहुणे आले की तारपकऱ्याला गाडीपुढे वाजवत चालवतात. ज्याच्याभोवती गाव फिरायचा, तो मिरवणुकीच्या पुढे धावतो. 2026 च्या पद्म पुरस्कारांत जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली, याचा आनंद मनापासून आहे. पण पुरस्कार एका वादकाला मिळतो. तारपा वाजण्यासाठी पाड्यावर माणसं लागतात.

आणि माणसं नेमकी कधी असतात? तारप्याचा हंगाम भात पिकू लागलं की सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत चालतो. दिवाळी सरली की पाडे रिकामे होऊ लागतात. उतारावरची नागली-वरई आणि तुकड्यातलं भात वर्षभर पुरत नाही, म्हणून घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईच्या बांधकामांवर जातात. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं, मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे दुसरं पीक नाही आणि थांबायला कारण नाही. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असेल तर निघायचा दिवसही आपल्या हातात राहत नाही, हंगाम संपायच्या आतच निघावं लागतं. नाचाच्या रात्री कमी होतात त्या अशा. त्याचं खापर मोबाइलवर आणि डीजेवर फोडणं सोपं आहे, पण ते अर्धवट आहे.

म्हणून तारपा जगवायचा असेल तर मी महोत्सवांचा निधी मागणार नाही. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी याच राज्याने केला, 1977 मध्ये. त्या हमीची कामं जव्हार-मोखाड्यात दिवाळीआधी उघडावीत आणि मजुरी वेळेवर हातात पडावी, म्हणजे उचल घेण्याची पाळीच येणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून सोपी. तारप्याच्या ऐन दिवसांत इथली बरीच मुलं आश्रमशाळांच्या वसतिगृहांत असतात. ती दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात तेव्हा हंगाम संपत आलेला असतो, आणि नाकाने श्वास घेत फुंकत राहण्याची ती विद्या ऐकत, बघत, शेजारी बसूनच येते. जव्हारला आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे. दिवाळीच्या सुट्टीतले आठ-दहा दिवस भातकापणीच्या दिवसांत हलवण्याचा प्रस्ताव त्या कार्यालयाने यंदाच मांडावा.