वेग, भावना आणि न फिरणारी तबकडी

वैशेषिक दर्शनाने मानलेल्या 24 गुणांमध्ये ‘संस्कार’ नावाचा एक गुण आहे, आणि त्याच्या पोटात जे तीन प्रकार एकत्र ठेवले आहेत ते पाहून आजचा वाचक प्रथम थबकतो. पहिला प्रकार वेग, म्हणजे धनुष्यातून सुटलेल्या बाणाला किंवा कुंभाराच्या चाकाला प्रेरणा संपल्यानंतरही पुढे चालवत ठेवणारा गुण. दुसरा भावना, म्हणजे अनुभव सरून गेल्यावर आत्म्यात उरलेला आणि पुढे स्मरणाला कारण होणारा ठसा. आणि तिसरा स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली फांदी हातातून सुटताच तिला पूर्वस्थितीवर आणणारा गुण. चाकाची गती आणि मनातली आठवण यांना एका सदरात बसवणे हा वर्गीकरणाचा ढिसाळपणा वाटू शकतो. परंतु तिन्ही ठिकाणी घडून गेलेली घटना स्वतः उरत नाही, तिने मागे ठेवलेले काहीतरी उरते आणि तेच पुढच्या कार्याला कारण होते, हे ध्यानात आले की या मांडणीमागची दृष्टी उलगडते.

संगणकाची हार्ड डिस्क ही वस्तू या तिन्ही संस्कारांचे जणू एकाच डबीत भरलेले उदाहरण आहे. तिच्यातील चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या बहुधा मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात, म्हणजे दुसऱ्या वेगाच्या डिस्कमध्ये सेकंदाला 120. हा झाला वेग. तबकडीवरील सूक्ष्म कणसमूहांच्या चुंबकीय दिशा लिहिणारा प्रवाह थांबल्यावरही तशाच टिकतात. या ठशाला भावनेच्या जागी कल्पिता येते, मात्र ही उपमा कुठवर चालते ते पुढे पाहावे लागेल. लिहिण्या-वाचण्याचे काम करणारे टोक, ज्याला ‘हेड’ म्हणतात, ते ज्या पातळ पोलादी पट्टीवर बसवलेले असते ती पट्टी त्याला तबकडीकडे दाबत राहते आणि फिरत्या तबकडीसोबत वाहणारी हवा त्याला काही नॅनोमीटर उचलून धरते. पट्टीचा हा लवचीकपणा म्हणजे स्थितिस्थापक. यांपैकी वेग गेला की उरलेले दोन्ही संस्कार शाबूत असूनही निरुपयोगी ठरतात, कारण हेडला तरंगण्यास हवा मिळत नाही आणि ठसा वाचला जात नाही.

घरातल्या साठवण-सर्व्हरवर, म्हणजे चार-सहा डिस्क एका पेटीत बसवून घरच्या जाळ्याला जोडलेल्या संगणकावर, डिस्क न फिरण्याचा हा प्रसंग विशेष गंभीर असतो, कारण तिथे लग्नाच्या चित्रफिती, जमिनीच्या कागदांच्या प्रती, वडीलधाऱ्यांच्या आवाजातील अभंग आणि गावच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे असा, पुन्हा मिळवता न येणारा ऐवज असतो. वीज जाते, परत येते, पेटीतला पंखा फिरू लागतो, पण एका डिस्कमधून नेहमीची चढत जाणारी घरघर येत नाही. क्वचित बारीक टिकटिक होते, पुन्हा शांतता पसरते, आणि डिस्कने स्वतःच ठेवलेल्या आरोग्य-नोंदीत ‘फिरण्याचा पुन्हा प्रयत्न’ या रकान्यातला आकडा एकाने वाढतो. अशा वेळी घरातील माणसांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते ‘डिस्क गेली’ असे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र इथेच प्रश्न पडतो, की नेमके काय गेले?

न्यायशास्त्राच्या भाषेत या ‘गेली’चे तीन वेगळे अर्थ संभवतात. पहिला, संस्काराचा नाश, म्हणजे तबकडीवरचा ठसाच पुसला किंवा खरवडला जाणे. दुसरा, उद्बोधकाचा अभाव. उद्बोधक म्हणजे सुप्त संस्काराला जागे करणारे निमित्त, आणि न्यायसूत्रांत स्मरणाच्या अशा निमित्तांची लांबलचक यादी आली आहे, जिच्यात मनाची एकाग्रता, अभ्यास, सादृश्य, विरोध अशा परस्परांहून दूरच्या गोष्टी शेजारीशेजारी बसल्या आहेत. डिस्कच्या बाबतीत हे निमित्त म्हणजे वीज. साडेतीन इंची डिस्क स्थिर फिरत असताना तिला थोडेच वॅट पुरतात, परंतु स्तब्धतेतून उठताना तिची मोटर 12 व्होल्टच्या तारेतून सुमारे दोन अँपिअर ओढू शकते. सहा डिस्क एकाच क्षणी उठू लागल्या तर बेताचा पॉवर सप्लाय खचतो आणि एखादी डिस्क, काही दोष नसताना, मागे राहते. म्हणूनच जाणकार सर्व्हरमध्ये डिस्क एकामागून एक उठवण्याची सोय करतात.

तिसरा अर्थ प्रतिबंधकाचा, म्हणजे बाकी सर्व कारणे हजर असतानाही कार्य रोखून धरणाऱ्या गोष्टीचा, आणि तो सर्वांत बोधप्रद आहे. अलीकडच्या काही डिस्कमध्ये वीज-जोडणीच्या तिसऱ्या पिनेवर 3.3 व्होल्ट दाब आला की मोटर थांबवून ठेवण्याची योजना असते, जेणेकरून मोठ्या डेटा-केंद्रांतील यंत्रांना ती दुरून बंद करता यावी. परंतु जुन्या धाटणीचे पॉवर सप्लाय त्याच पिनेवर हा दाब कायम देत असल्यामुळे अशी डिस्क घरच्या पेटीत बसवताच निश्चल राहते. डिस्क नवी, वीज पुरेशी, ठसा अखंड, तरीही कार्य घडत नाही. आणि त्या पिनेवर उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला, किंवा ती तार नसलेली केबल वापरली, की तीच डिस्क फिरू लागते.

हे वाचताना दर्शनांच्या अभ्यासकाला विस्तव आणि मणी यांचा प्रसिद्ध वाद आठवल्याशिवाय राहणार नाही. विशिष्ट मणी जवळ असता अग्नी जाळत नाही आणि मणी दूर केला की जाळू लागतो, हे गृहीत धरून मीमांसकांनी असे प्रतिपादन केले, की अग्नीचे दृश्य रूप दोन्ही वेळी सारखेच असल्याने जाळण्याची ‘शक्ती’ नावाचा एक वेगळा, अदृश्य पदार्थ मानावा लागतो, जो मण्यामुळे कुंठित होतो. नैयायिकांनी ही शक्ती नाकारली. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याचा विस्ताराने विचार केला असून, प्रतिबंधकाचा अभाव हाच कारणसामग्रीचा एक घटक धरला की वेगळ्या शक्तीची गरज उरत नाही, असा त्यांचा पक्ष आहे. बंद पडलेल्या डिस्कपुढे बसलेल्या माणसाला नैयायिकांचा पक्ष अधिक हितकारक आहे यात शंका नाही, कारण तो दृष्टी वस्तूच्या गूढ अंतरंगातून काढून तिच्या परिसराकडे वळवतो आणि अन्वय-व्यतिरेकाची, म्हणजे ‘हे असता ते असते, हे नसता ते नसते’ अशी पडताळणीची, वाट दाखवतो: केबल बदलावी, मग जोडणीची खाच बदलावी, मग तीच डिस्क दुसऱ्या पॉवर सप्लायवर एकटी लावावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तथापि मीमांसकांच्या म्हणण्यातही एक सत्य उरते. झिजत चाललेली डिस्क बाहेरून तशीच दिसते, आजवर उठत आलेली असते, आणि तरी तिचे उठण्याचे सामर्थ्य दर खेपेला घटत असते. अशा डिस्कला पुन्हा पुन्हा वीज देऊन छेडणे, ठोकणे किंवा घरी उघडणे हे ठशाच्या नाशालाच आमंत्रण असते.

ठसा आणि त्याची जाग हा प्रश्न केवळ यंत्रांचा नाही; अहिल्यानगर जिल्ह्यात तो सात शतके जुना आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका, म्हणजे ज्ञानेश्वरी, सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ते मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही, पण ग्रंथ उपलब्ध आहे. नकलांमागून नकला होत गेल्या, त्यांत पाठभेद शिरले, आणि शके 1506 मध्ये एकनाथांनी पैठणला प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. याउलट ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी निरूपण केले असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब अजून उभा आहे आणि त्यावरचा संस्कृत लेखही आहे. तो लेख करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. दगडातला ठसा टिकला, पण ज्या मंदिरातील दिव्यासाठी तो कोरला ते मंदिर आता नाही. आणि जी प्रत नाहीशी झाली तिच्यातले शब्द मात्र दर पारायणात जिवंत होतात.

वैशेषिक दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी भावनेची कारणे सांगताना अनुभवाच्या तीव्रतेबरोबर अभ्यास आणि आदर या दोहोंचा उल्लेख केला आहे, आणि त्यांचे मूर्त रूप पाहायचे तर जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात पाहावे. सात दिवस आणि सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. पहाऱ्याची वेळ झाली की नवा वीणेकरी समोर येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, त्या क्षणीही तार वाजत असते. घरच्या सर्व्हरबाबतही असाच प्रश्न येतो: डिस्क सतत फिरती ठेवावी की काम नसताना झोपवावी, हा वाद तंत्रज्ञांत चालतो. झोपवल्याने वीज वाचते आणि उष्णता घटते, परंतु प्रत्येक उठणे ही परीक्षा असते, आणि महिनोन्‌महिने न उठलेल्या डिस्कचा दोष नेमका गरजेच्या दिवशी उघड होतो. ठरावीक काळाने सर्व ठसा वाचून तपासणे, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवून तीही अधूनमधून उघडून पाहणे, याला अभ्यास आणि आदर याहून नेमके शब्द सापडणे कठीण आहे.

आता मघाशी पुढे ढकललेला आक्षेप. वैशेषिकांच्या मते भावना फक्त आत्म्यात असते, पृथ्वी-जलादी द्रव्यांत नसते. म्हणून तबकडीवरील ठशाला ते भावना म्हणणार नाहीत, आणि त्यांचे हे म्हणणे योग्यच आहे. भावनेपासून केवळ स्मरण नव्हे तर प्रत्यभिज्ञाही घडते, म्हणजे ‘हा तोच’ अशी ओळख पटते, आणि ही ओळख डिस्कला कधीच पटत नाही. चिकटपट्टीचा तुकडा लागतो, तबकडी फिरू लागते, पंधरा वर्षांपूर्वीच्या काकड्याची फाईल उघडते, त्यात पखवाजाच्या मागे कोणीतरी खाकरते, आणि ओसरीवर बसलेली म्हातारी मान वर करून सांगते की हे आबा.