तुकडा आणि शब्द

बायबलातल्या चार शुभवर्तमानांत मार्कचं सगळ्यात जुनं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इसवी सन ७० च्या आसपासचं. त्याच साली रोमी फौजेनं यरुशलेमचं मंदिर जाळलं. लिहिणाऱ्यानं आपलं नाव कुठंच घातलेलं नाही. मार्क हे नाव मागनं चिकटलं. भाषा ग्रीक, पण पंडिती नव्हे. एका वाक्याला ‘आणि’ लावून दुसरं, त्याला ‘आणि’ लावून तिसरं. आपली म्हातारी माणसं गोष्ट सांगतात तसं.

मी मागावर काम करणारा माणूस. देवाधर्माशी माझं घेणंदेणं नाही. पण सातव्या अध्यायातली एक बाई माझ्या डोक्यातनं जात नाही.

येशू गालीलचा. मार्कच्या पुस्तकात गावकरी त्याला सुतार म्हणतात. तो सोर शहराच्या मुलखात जातो. तिथली एक परजातीची बाई त्याच्या पाया पडते. पोरीला भूत लागलंय, काढ म्हणते. तो सांगतो, भाकर आधी घरच्या लेकरांची. ती कुत्र्यांना घालायची नसते.

म्हणजे बाई कुत्री ठरली. भाष्यकार सारवासारव करतात. म्हणे मूळ शब्द लहान कुत्र्याचा आहे, लाडाचा आहे. अरे, लहान म्हटलं म्हणून कुत्र्याचा माणूस होतो काय?

सोर हे श्रीमंत बंदर. त्याचं पोट गालीलच्या धान्यावर चालायचं. या कडू बोलण्यामागं पिकवून उपाशी राहणाऱ्या मुलखाचा राग असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. असेल. राग खरा असेल. पण दारात कोण उभं होतं? व्यापारी नव्हे, आजारी पोरीची आई. राग खरा असला म्हणून तो कुणावरही काढायचा का? हा प्रश्न नागवल्या गेलेल्या माणसालाही सुटत नाही.

बाई हटत नाही. त्याचंच बोलणं धरून उलटवते. मेजाखालच्या कुत्र्यांनाही लेकरांच्या हातचा चुरा मिळतोच की, म्हणते. येशू निरुत्तर होतो. तुझ्या या बोलण्यापायी पोर बरी झाली, असं सांगतो. मत्तयनं हीच गोष्ट मागनं लिहिली तेव्हा त्यानं बाईचा विश्वास थोर ठरवला. फरक बघा. विश्वास म्हटलं की बाई पुन्हा पायाशी. शब्द म्हटलं की बाई समोर उभी.

तरी मला एक सलतं. तिनं ते मेज मान्य केलं. वर कोण, खाली कोण, हे कबूल करून तुकडा मागितला. ही लाचारी नव्हे काय?

मी म्हणतो, नव्हे. पोर तडफडत असताना मेज उलथायला आईला वेळ नसतो. तिला लाचार म्हणायचा हक्क भरल्या पोटाच्या माणसाला नाही. पण तुकडा मिळाला म्हणजे न्याय झाला, असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतो. मार्कही तिथं थांबत नाही. पुढच्याच अध्यायात चार हजार माणसं रानात भुईवर बसतात. मेज नाही, म्हणून मेजाखाली कुणी नाही. सात भाकरी वाटल्या जातात, सगळे पोटभर जेवतात, वर सात टोपल्या उरतात.

चमत्कार सोडा. ती भुईवरची पंगत बघा. दोस्तहो, पोरासाठी तुकडा घ्यावा लागला तर घ्या. लाजू नका. पण पंगत मागायची सोडू नका.