नऊ लाखांचा बेस आणि आठशे रुपयांचा सेटअप

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फोडेरा नावाची एक छोटी कंपनी आहे. १९८३ साली व्हिनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला या दोघांनी ती सुरू केली. तिथे मुख्यतः बेस गिटार बनतात, मोजके आणि बरेचसे हाताने. व्हिक्टर वूटनसारखा वादक त्यांचेच बेस वाजवतो. तुम्हाला हवा तसा बेस त्यांच्याकडून करून घ्यायचा, तर दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्तीची तयारी ठेवावी लागते. म्हणजे आठ-नऊ लाख रुपये. ड्यूटी आणि पाठवणीचा खर्च वेगळा.

इकडे पुण्यात वाद्यांच्या दुकानात वीस-पंचवीस हजारांत नवा, नीट वाजणारा बेस मिळतो. मग वरच्या साडेआठ लाखांत असं काय आहे? बेस वाजवणारे दोघे भेटले की हा विषय निघतोच. एक म्हणतो, आवाज ऐकलास का? दुसरा म्हणतो, सगळा श्रीमंतांचा शौक आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि शनिवार-रविवार एका बँडमध्ये बेस वाजवतो. माझा बेस इंडोनेशियात बनलेला आहे. तीन-चार वर्षं बोनसला हात लावला नाही, तर असा एखादा हाती बनवलेला, म्हणजे या धंद्याच्या भाषेत ‘बुटीक’, बेस मला घेता येईल. बाबांच्या मते तेवढ्यात गाडी येते, आणि हिशोब म्हणून ते बरोबर आहेत. पण ‘एवढी किंमत योग्य आहे का’ या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि भांडणं बहुतेक ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. आवाज तेवढा चांगला असतो का? बनवणाऱ्याने तेवढे पैसे मागणं रास्त आहे का? आणि मी तेवढे खर्च करावेत का?

आधी आवाज. बेस म्हणजे गिटारसारखंच दिसणारं, पण लांब नेकचं आणि जाड तारांचं वाद्य. गाण्यात तो चटकन वेगळा ऐकू येत नाही, पण काढून घेतला की गाणं पोकळ वाटतं. त्याची नेहमीची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. फोनच्या स्पीकरमधून एवढा खालचा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. त्याच तारेचे वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. ज्या आवाजासाठी कोणी नऊ लाख मोजतं, त्याचा पाया फोनवर ऐकणाऱ्यांपर्यंत पोचतसुद्धा नाही.

शिवाय इलेक्ट्रिक बेसचा आवाज लाकडातून थेट खोलीत येत नाही. तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. वरची तार हलली की वेटोळ्यात वीज तयार होते आणि ती अँपकडे जाते. बारावीत शिकलेला फॅरडेचा नियम. लाकडाचा संबंध येतो तो तार कशी आणि किती वेळ हलते याच्याशी. एखाद्या स्वराला नेकच हलायला लागली, तर ती तारेची ऊर्जा खाते आणि तो स्वर लवकर मरतो. याला डेड स्पॉट म्हणतात. चांगला कारागीर लाकडाच्या अनेक पट्ट्या जोडून नेक घट्ट करतो, तेव्हा हा त्रास कमी होऊ शकतो. हा फरक खरा आहे. पण त्यासाठी नऊ लाख लागत नाहीत. लाकूड कापायचं काम आता संगणकावर चालणाऱ्या मशीन करतात आणि साठ-सत्तर हजारांच्या बेसमध्येही त्यातलं बरंचसं मिळून जातं.

ब्रिटनमधल्या लँकेस्टर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सहा अकूस्टिक गिटार बनवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त मागच्या आणि बाजूच्या भागाचं लाकूड वेगळं. काही स्वस्त, काही फार महाग. ५२ वादकांना मंद उजेडात वेल्डिंगचे गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या. लाकूड दिसत नाही म्हटल्यावर वादकांनी सगळ्या गिटारना जवळपास सारखेच गुण दिले. अकूस्टिक गिटारमध्ये सगळा आवाज लाकडी पेटीतून येतो. तिथे ही गत असेल, तर चुंबकावर चालणाऱ्या बेसमध्ये महागड्या लाकडाच्या पातळ थराने आवाज ‘उबदार’ होतो, हे मानायला मी तरी तयार नाही.

आणि प्रयोग बाजूला ठेवला, तरी जेम्स जेमरसन आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी हिट गाण्यांत त्यांचा बेस आहे. त्यांचं मुख्य वाद्य म्हणजे १९६२चा फेंडर प्रिसिजन, दुकानात कोणालाही मिळणारा. तारा ते शक्यतो बदलत नसत आणि छेडायला उजव्या हाताचं एकच बोट वापरत. प्रिसिजन बेस लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणला. ते रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी हे वाद्य आखलं तेच कारखान्यासाठी: सपाट लाकडी बॉडी आणि स्क्रूने बसवलेली नेक. व्हायोलिन किंवा तंबोऱ्याला शतकांची हातकामाची परंपरा आहे. बेस गिटार जन्मालाच कारखान्यात आला. हाती बनवलेले महागडे बेस नंतरचे, सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या अलेम्बिकसारख्या कंपन्यांनी सुरू केलेले. त्यामुळे चांगला बेस हाताचाच असावा लागतो, असं म्हणायला इतिहासही साथ देत नाही.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. मग हा फक्त दिखावा का?

थॉर्स्टीन वेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली रिकामटेकड्या श्रीमंत वर्गावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याचं उदाहरण घेतलं आहे. मशीनवर बनलेल्या चमच्याने जेवण तेवढंच नीट जेवता येतं. तरी हातचा चमचा सुंदर वाटतो, कारण तो महाग आहे. आणि तो हातचा नव्हता, नक्कल होती, असं कळलं की त्याची किंमत धाडकन उतरते, चमचा तोच असला तरी. वेब्लेनचा मुद्दा असा की आपण महागपणालाच सौंदर्य समजतो.

बुटीक बेसच्या जगाला हे वर्णन चांगलंच लागू पडतं. गाठी-गाठींच्या नक्षीचं लाकूड, शिंपल्याची जडावाची कामं, पट्ट्यांची रंगसंगती, यातलं काहीच अँपपर्यंत पोचत नाही. स्टेजवर रोज वाजवून पोट भरणारे कितीतरी वादक आजही साधा फेंडर वापरतात, आणि महाग बेस घ्यायची ऐपत पुष्कळदा आमच्यासारख्या पगारदार हौशी लोकांकडे असते.

पण वेब्लेनच्या चमच्यात मला एक गोष्ट खटकते. तो चमच्याकडे पूर्णपणे जेवणाऱ्याच्या बाजूने बघतो. चमचा घडवणारा सोनार त्या उदाहरणात नाहीच. त्याचा दिवस कसा गेला, चमच्याच्या किमतीतलं किती त्याच्या घरी गेलं, हे विचारलं की उदाहरण वेगळं दिसायला लागतं.

तसाच बेसचा हिशोब मांडू. समजा एका बेसमागे सगळ्यांचे मिळून १५० तास जातात. ब्रुकलिनसारख्या महागड्या ठिकाणी राहणाऱ्या कुशल माणसाच्या तासाला ४० डॉलर धरले, तर मजुरीच सहा हजार झाली. त्यात लाकूड, ते वाळवून ठेवण्याची वर्षं, वर्कशॉपचं भाडं, वीज, हत्यारं, विमा, बिघडलेले तुकडे. दहा हजार डॉलरपर्यंत पोचायला कुठलीही लबाडी करावी लागत नाही. आकडे माझे, अंदाजाचे आहेत. थोडे इकडेतिकडे केले तरी मुद्दा बदलत नाही.

आमच्या धंद्यात माझा एक तास क्लायंटला काही हजार रुपयांना विकला जातो. त्या तासात लिहिलेला कोड कधी दोन वर्षं टिकतो, कधी पुढच्याच रिलीजमध्ये उडतो. ‘तुझ्या कोडमुळे बटण जास्त गोड दाबलं जातं का’ असं मला कोणी विचारलेलं नाही. तास लागले, तासाचे पैसे. मग हाताने लाकूड तासणाऱ्या माणसालाच आपण का सांगतो, की आधी आवाजात फरक ऐकव, मग तुझे तास मोजू?

शिवाय छोट्या कारागिरांकडून आणखी एक गोष्ट मिळते, जी पावतीवर दिसत नाही. अँथनी जॅक्सन या वादकाला सहा तारांचा बेस हवा होता. कारखान्यांकडे असं काही नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यात कार्ल थॉम्प्सन या कारागिराने तो करून दिला. पुढे जॅक्सन यांनी फोडेरासोबत वर्षानुवर्षं ती कल्पना घासूनपुसून नीट केली. आज सहा तारांचा बेस कारखान्यातून स्वस्तात मिळतो. पहिला प्रयोग कोणीतरी तासांचे पैसे मोजून करून घेतला, म्हणून.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे माझ्या मते ‘हो’. किंमत रास्त आहे, पण ती आवाजाची नाही, वेळेची आहे. खटकायला हवी ती विकण्याची भाषा. ‘या लाकडाने सूर उमलतो’ म्हणण्यापेक्षा ‘या बेसवर इतके तास काम झालंय, करणाऱ्याला धड जगता येईल असा पगार मिळतो’ हे म्हटलं, तर ते जास्त खरं ठरेल. अर्थात जिथे किमतीतला पैसा कामगारापर्यंत न जाता नुसत्या नावाला जातो, तिथे हा बचाव लागू होत नाही.

हे एकदा मानलं की प्रश्न उलटा फिरतो. नऊ लाखांच्या बेसला आपण जाब विचारतो. वीस हजारांच्या बेसला कोणी विचारत नाही. लाकूड, धातू, रंग, जहाजाचं भाडं, कर, दुकानदाराचा नफा वजा केल्यावर त्यात बनवणाऱ्याला किती उरत असेल?

कॉर्ट ही दक्षिण कोरियाची कंपनी. ती स्वतःच्या नावाने गिटार बनवते आणि इतर नामांकित ब्रँडनाही बनवून देते. २००७ साली तिचे कोरियातले कारखाने बंद झाले आणि काम इंडोनेशिया आणि चीनमधल्या कारखान्यांत गेलं. कंपनीने आर्थिक अडचणींचं कारण दिलं. कामगार म्हणाले, काम स्वस्त मजुरीकडे नेलं. मग धरणं, उपोषणं, कोर्टकज्जे. आयुष्यभर गिटार बनवूनही कधी न वाजवलेल्या काही कामगारांनी आंदोलनाच्या काळात वाजवायला शिकून स्वतःचा बँड काढला. एप्रिल २०१९ मध्ये समेट झाला, तेव्हा आंदोलनाचं तेरावं वर्ष चालू होतं.

स्वस्त वाद्यं वाईट, असं मला म्हणायचं नाही. ती नसती तर मी बेस हातातच घेतला नसता, आणि माझ्यासारखे लाखो लोकही. पण कमी किंमत ही काही आपोआप न्याय्य किंमत नसते. तिच्यातही कोणाचे तरी तास असतात, फक्त ते आपल्याला दिसणार नाहीत इतके लांब असतात.

आणि जवळ असले तरी दिसतात असं नाही. पुण्यात पेठेतल्या एका जिन्याखालच्या गाळ्यात एक काका गिटार दुरुस्त करतात. पावसाळ्यातल्या दमट हवेने नेक हलते, तारा वर उचलल्या जातात, बोटं दुखायला लागतात. काका नेकमधला लोखंडी रॉड पाव फेरा फिरवतात, घोडीची उंची जमवतात, वर आलेले फ्रेट घासून पुन्हा कानाने तपासतात. दीड-दोन तासांचं काम, आठशे रुपये. या आठशेने बेसमध्ये जो फरक पडतो, तो डोळे बांधूनही कोणालाही कळेल. आमच्यातला एक जण ब्रुकलिनच्या कारागिरांबद्दल तासभर भारावून बोलू शकतो. तोच काकांना म्हणाला, ‘काका, पाचशेत करा ना.’ काका हसले आणि सहाशे म्हणाले.

मिरजेच्या तंबोऱ्यांचंही थोडंफार हेच. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बातम्या आल्या, आपण अभिमानाने फॉरवर्ड केल्या. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा केसाएवढ्या फरकाने घासून जवारी लावणं हे काम बघून शिकता येत नाही, कान आणि हात तयार व्हायला वर्षं जातात. पण तंबोरा घ्यायला गेलो की आपण भोपळा आणि लाकूड मोजतो, आणि घासाघीस सुरू होते ती नेमकी त्या वर्षांवर.

राहिला तिसरा प्रश्न: मी तो बेस घ्यावा का? तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ सालच्या निबंधात मांडलंय, की आपलं फारसं महत्त्वाचं काही न गमावता एखादं मोठं संकट टाळता येत असेल, तर ते टाळणं हे कर्तव्य आहे. ते मानलं तर नऊ लाखांचा बेस घेणं अवघडच. पण दर दोन वर्षांनी बदललेला फोनही मग तितकाच अवघड. बेस तेवढा पकडायचा आणि बाकी सोडायचं, असं करता येत नाही.

माझं उत्तर साधं आहे. मी तो बेस घेणार नाही, कारण माझ्या वाजवण्याला त्याची गरज नाही आणि नऊ लाखांची याहून चांगली कामं मला माहीत आहेत. पण घेणाऱ्याला मी वेडाही म्हणणार नाही. त्याने निदान एका वस्तूची मजुरी पूर्ण मोजली आहे. आणि काकांकडे आठशेचे आठशेच द्यायचे, हे त्याच हिशोबातून येतं. महागाची किंमत ऐकून आपल्या तोंडून सहज निघतं, ‘एवढे?’ स्वस्ताची किंमत ऐकल्यावर, निदान मनात तरी, ‘एवढेच?’ असं विचारायला हरकत नाही.