ज्याचे त्याला

न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, अशी व्याख्या तत्त्वज्ञांनी फार पूर्वी करून ठेवली आहे. संत थॉमस अक्वायनस यांनीही तिचा स्वीकार केला. व्याख्या इतकी सोपी आहे की तिच्यात काही अवघड असेल असे सहसा मनात येत नाही. अडचण निर्माण होते ती ‘ज्याचे’ या शब्दापाशी. अमुक वस्तू अमक्याची, हे कशावरून ठरवायचे? कागदावरून, कायद्यावरून, की तिच्यावर गाळलेल्या घामावरून? आणि ज्याच्याजवळ कागदच नाही अशा माणसाच्या बाजूने उभे राहिलो, तर ती समाजसेवा म्हणायची की कायद्याची अवज्ञा? हा प्रश्न केवळ ग्रंथातला राहू नये म्हणून आपण तो बीड जिल्ह्यातील गायरानावर नेऊन पाहू.

गायरान म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. मराठवाड्यात ती बहुधा खडकाळ माळाचीच असते. ज्यांच्या नावावर गुंठाभरही रान नव्हते अशा अनेक दलित कुटुंबांनी तेथील दगड वेचले, बांध घातले आणि ज्वारी-बाजरी पेरली. बीडसारख्या जिल्ह्यात या तुकड्याचे मोल काय, हे समजून घ्यायला हवे. ज्याला रान नाही त्याला दसरा उलटला की मुकादमाची उचल अंगावर घेऊन, बायकामुलांसह ऊसतोडीला बाहेर पडावे लागते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पोरांची शाळा बुडते. चार पोती ज्वारी घरी आली तर त्या फेऱ्यातून सुटण्याची निदान आशा तरी उरते. परंतु सरकारी दप्तरात या कष्टाला एकच नाव होते, अतिक्रमण.

२८ नोव्हेंबर १९९१ रोजी महाराष्ट्र शासनाने एक निर्णय काढला. १४ एप्रिल १९९० पर्यंत अशा जमिनी कसत असलेल्या भूमिहीन कुटुंबांची, विशेषतः मागासवर्गीयांची, अतिक्रमणे नियमित करावीत असे त्यात ठरले. परंतु आपण त्या तारखेपूर्वीपासून जमीन कसत होतो, हे निरक्षर माणसाने सिद्ध कसे करावे? येथे एक विलक्षण गोष्ट घडली. तलाठ्याच्या ‘एक-इ’ नोंदवहीत अतिक्रमण करणाऱ्यांची नावे लिहिली जात आणि त्यांच्याकडून दंड वसूल होई. आता तीच नोंद आणि दंडाची तीच पावती पुरावा म्हणून उपयोगी पडू लागली. काल जो कागद गुन्ह्याची खूण होता, तोच आज हक्काचा आधार झाला. जमीन बदलली नव्हती, कसणारा माणूसही बदलला नव्हता. शासनाची त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी तेवढी बदलली होती.

ती दृष्टी आपोआप बदलली नाही. दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये उभारलेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून ही मागणी चालत आली होती. बीड जिल्ह्यात ती पुढे नेणाऱ्यांमध्ये ॲड. एकनाथ आवाड यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मातंग समाजातील एका पोतराजाच्या घरी जन्मलेला हा मुलगा शिकला, कायद्याचा पदवीधर झाला. विवेक पंडित यांच्या विधायक संसदेत त्यांनी आरंभीच्या काळात काम केले. वेठबिगारांच्या मुक्तीसाठी झटणारी ही संस्था वसईच्या वाचकांना परिचित आहे. पुढे ते आपल्या जिल्ह्यात परतले. ग्रामीण विकास केंद्र आणि मानवी हक्क अभियान यांच्याद्वारे त्यांनी गायरानधारकांना संघटित केले आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेण्यास लोकांना शिकवले. लोक त्यांना ‘जिजा’ म्हणत. २०१५ साली त्यांचे निधन झाले. ‘जग बदल घालुनी घाव’ हे त्यांचे आत्मचरित्र जेरी पिंटो यांनी इंग्रजीत नेले आहे.

या कार्याकडे पाहताना समाजसेवेविषयीची आपली रूढ कल्पना थोडी तपासून घ्यावीशी वाटते. सेवा म्हटली की आपल्याला धान्याचे वाटप, शिष्यवृत्ती, औषधोपचार आठवतात. ही कामे मोलाचीच आहेत. परंतु दानात देणारा वर राहतो आणि घेणारा खाली. पावती जपून ठेव, तारीख विसरू नकोस, फिर्याद लिहून घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नकोस, असे सांगणारा आणि सोबत तेथवर चालणारा कार्यकर्ता स्वतःचे काहीच देत नसतो. जे मुळात त्या माणसाचेच आहे, ते मागण्याचे बळ तो त्याला देतो. संत लूकच्या शुभवर्तमानातील विधवेने न्यायाधीशाकडे भीक मागितली नव्हती. आपला न्याय मागण्यासाठी ती पुन्हा पुन्हा जात राहिली. आपल्या न्यायालयांतील विलंब पाहता, अशा विधवेला एकटीने किती वर्षे खेटे घालता येतील? तिच्यासोबत जाणे, ही न्यायाच्या कामातील समाजाची वाटणी आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागेल. गायरान सर्व गावाचे असते. एका कुटुंबाने ते नांगरले तर मेंढपाळाने आणि गुराख्याने जावे कोठे? सामाईक जमिनी धनदांडग्यांनी गिळल्याची उदाहरणे कमी नाहीत. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला, तोही पंजाबातील एका गावतळ्याची जागा बळकावणाऱ्यांच्या प्रकरणात. त्याच निकालात न्यायालयाने भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवादही नोंदवला. न्यायालयाला जो भेद कळला, तो गावपातळीवर पाळला जाईलच असे नाही. २०२२ मध्ये गायरानावरील अतिक्रमणांचा विषय मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा राज्यभरातील आकडा दोन लाखांहून अधिक असल्याचे पुढे आले. आकड्यात इमला बांधणारा आणि ज्वारी पेरणारा एकाच रांगेत उभे असतात. त्यांना वेगळे ओळखण्याचे काम शेवटी गाव जाणणाऱ्या माणसांनाच करावे लागते.

आणि येथे ‘आपला समाज’ म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्यापाशी येऊन थांबतो. मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे याच वस्त्यांतून आलेली आहेत. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. परिणामी एकाच वस्तीतील दोन सख्ख्या भावांवर सारखाच अन्याय झाला आणि त्यांतील एकाने बाप्तिस्मा घेतलेला असला, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण दुसऱ्यालाच मिळते. याविरुद्धची याचिका २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली आणि २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ही मागणी न्याय्य आहे आणि ख्रिस्ती समाजाने ती करीतच राहिले पाहिजे.

मात्र तिचे बळ आणखी एका गोष्टीवर अवलंबून आहे. आपल्या भावासाठी आपण जे मागतो, ते गायरानावरील मातंग किंवा पारधी कुटुंबासाठीही मागतो काय? आपल्या धर्मग्रामातील जमिनीचा वाद असला की आपण एकत्र जमतो, वर्गणी काढतो, वकील देतो. वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी मजुराचा वनहक्काचा दावा तालुक्याच्या कचेरीत अडला, तर त्याच्यासोबत आपल्यापैकी किती जण जातील? केवळ आपल्यांसाठी मागितलेला न्याय खोटा नसतो, पण तो अपुरा असतो, कारण ‘ज्याचे त्याला’ या व्याख्येत ‘आपले’ हा शब्दच नाही. आपल्या तरुण वकिलांनी महिन्यातून एक दिवस अशा दाव्यांसाठी राखून ठेवला आणि ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांनी ज्याला येत नाही त्याचा अर्ज लिहून दिला, तरी आरंभ होईल.